आजोबांचा रेल्वे पास, अण्णांचं 'सबलो' तिकीट

पोस्ट लांबलचक आहे, चहा घेऊन बसा. आपल्या पानावर हैदराबादच्या जुन्या वाड्यांबद्दल, शाळांबद्दल, गणपतीबद्दल बरंच लिहून झालं. आज नोकरीतल्या एका सवलतीबद्दल लिहितो. कारण आमच्या घरात तो विषय चार पिढ्या चाललाय.

गेल्या महिन्यात माझ्या नातीला विमान कंपनीत नोकरी लागली. मोठ्या कंपनीत नव्हे. लहान शहरं जोडणारी, पंख्याची एटीआर विमानं उडवणारी कंपनी आहे. काम शमशाबादच्या विमानतळावर, काउंटरवर. नेमणुकीच्या कागदांत एक फॉर्म होता, तो घेऊन पोरगी माझ्याकडे आली.

"आबा, आपल्या कंपनीच्या विमानात जागा उरली तर फुकट. पण आपली कंपनी जाते तरी कुठं? दुसऱ्या कंपन्यांच्या विमानात सवलतीनं जायचं असेल तर वर्षाची फी पगारातून कापणार. शिवाय दर तिकिटाला सर्व्हिस चार्ज, आणि विमानतळाचं शुल्क वेगळंच. फॉर्म भरू का नको?"

मी म्हटलं, आठ दिवस थांब, विचार करून सांगतो. विचार कसला करणार, आठवणीच काढल्या. त्याच इथं उतरवतोय.

सुरुवात आजोबांपासून. आजोबा परभणीकडचे. मनमाड ते सिकंदराबाद ही गोदावरी व्हॅलीची छोटी लाइन १९०० साली सुरू झाली. औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेडची किती मराठी घरं त्या गाडीनं काचीगुड्याला उतरली आणि इथलीच झाली, त्याची मोजदाद नाही. आजोबांना निजाम रेल्वेच्या लालागुडा वर्कशॉपमध्ये नोकरी लागली. पगार बेताचा, पण घरात मान होता तो पासाला. वर्षाला ठरावीक पास मिळत. ते संपले की सवलतीचं तिकीट, ज्याला रेल्वेची माणसं आजही पीटीओ म्हणतात. त्यात एकतृतीयांश भाडं भरायचं.

पासाचे दोन नियम आम्हा पोरांनाही पाठ होते. पहिला, पासात कोण बसतं. बायको बसते, लहान मुलगा बसतो, लग्न न झालेली मुलगी बसते, कर्त्यावर अवलंबून असलेली विधवा आई बसते. लग्न झालेली मुलगी बसत नाही आणि सून बसत नाही. म्हणजे आत्याचं लग्न ठरलं त्या दिवशी ती पासातून उतरली, आणि माझी आई लग्न होऊन घरात आली तरी पासात कधी चढलीच नाही. कुटुंब म्हणजे कोण, याची रेल्वेची व्याख्या आणि आमच्या आजीची व्याख्या यांत कायम भांडण असे.

दुसरा नियम हद्दीचा. तेव्हा देशात एक रेल्वे नव्हती. निजामाची वेगळी, जीआयपी वेगळी, बडोद्याला गायकवाडांची, ग्वाल्हेरला शिंद्यांची चिमुकली लाइट रेल्वे. घरच्या लाइनवर पास सरळ मिळे. परक्या लाइनवर जायचं तर दोन्ही कंपन्यांचं आपसात ठरलेलं असावं लागे, आणि त्यासाठी वेगळा अर्ज. "मनमाडपर्यंत आपलं राज्य," आजोबा म्हणायचे, "पुढं लोकांच्या मेहेरबानीचं." हे वाक्य लक्षात ठेवा, पुढं कामाला येणार आहे.

निजाम रेल्वेचा संसार मोठा होता. १९३२ मध्ये तिनंच २७ बसगाड्या घेऊन सडकेवरची वाहतूक सुरू केली. पुढं विमानाकडेही वळली. बेगमपेटला तीसच्या दशकात हैदराबाद एरो क्लबमुळे विमानतळ उभा राहिला होता. १९४५ मध्ये डेक्कन एअरवेज निघाली. त्यात मोठा वाटा निजाम रेल्वेचा, लहान वाटा टाटांचा. १९४६ मध्ये डकोटा विमानं उडू लागली. मद्रास, बंगळूर, मुंबई, नागपूर, दिल्ली असे मार्ग होते. आजच्या भाषेत ही प्रादेशिक विमान कंपनीच. इंदूर-ग्वाल्हेरच्या मंडळींना सांगायला हरकत नाही की तुमच्याकडे विमान आमच्या आधी आलं. टाटांची मुंबई-दिल्ली सेवा १९३७ मध्येच इंदूर, भोपाळ, ग्वाल्हेर करत जाई.

अण्णा, म्हणजे माझे वडील, मॅट्रिक होऊन डेक्कन एअरवेजच्या ट्रॅफिक विभागात चिकटले. ट्रॅफिक म्हणजे तिकीट तपासणं, सामान तोलणं, प्रवाशांची यादी करणं. आजोबा खुश. म्हणाले, "रेल्वेचीच धाकटी बहीण आहे ती. पास मिळेलच. तोच पास, फक्त वरून जाणारा."

इथंच आजोबांचा हिशेब चुकला, आणि आमच्या घराला विमानाचा पास कळायला पुढची दहा वर्षं लागली.

रेल्वेच्या पासाला गाडीत जागा होती. गर्दी झाली तर माणूस ट्रंकेवर बसे, दारात उभा राही, पण पोचे. विमानात ट्रंकेवर बसता येत नाही. डकोटात विशी-पंचविशीतली माणसं मावत. त्यातही नुसती खुर्ची रिकामी असून भागत नाही, वजन बसावं लागतं. पेट्रोल किती, टपाल किती, सामान किती, माणसं किती, याची बेरीज एका कागदावर मांडायची. त्याला लोडशीट म्हणत. त्या काळी प्रवाशांनासुद्धा काट्यावर उभं करत. भर उन्हाळ्यात हवा विरळ होते, इंजिनाची ओढ कमी पडते, मग तेच विमान कमी वजन उचलतं. म्हणजे थंडीत जी जागा रिकामी मिळते ती मे महिन्यात असूनही नसते.

म्हणून कर्मचाऱ्याच्या तिकिटावर एक शेरा असे. सब्जेक्ट टू लोड. भार पाहून. भाडं भरलेले सगळे बसले, टपाल चढलं, आणि तरी जागा नि वजन दोन्ही शिल्लक असलं, तर तुम्ही. पुढं या शेऱ्याचं बोलण्यात 'सबलो' झालं. एअरलाइनच्या घरांत आजही तोच शब्द चालतो. "कन्फर्म आहे का सबलो?" हा पहिला प्रश्न.

१९५३ मध्ये सरकारनं विमान कंपन्यांचं राष्ट्रीयीकरण केलं. १ ऑगस्टला डेक्कन, एअरवेज इंडिया, भारत, हिमालयन, कलिंगा, इंडियन नॅशनल, एअर सर्व्हिसेस ऑफ इंडिया आणि एअर इंडियाचा देशांतर्गत भाग एकत्र करून इंडियन एअरलाइन्स कॉर्पोरेशन झालं. रेल्वे तर आधीच केंद्राकडे गेली होती आणि १९५१ मध्ये मध्य रेल्वेत मिसळली होती. कायद्यानं जुन्या कंपन्यांच्या नोकरवर्गाला नव्या महामंडळात घेतलं. जुन्या अटी तूर्त तशाच, पण महामंडळाला त्या बदलायची मुभा. अण्णांची नोकरी टिकली. पासाच्या दृष्टीनं तर चांदीच झाली. काल डेक्कनचं जाळं होतं, आज सगळा देश घरची लाइन झाला. आजोबा म्हणाले, "आता मनमाडच राहिलं नाही."

आणि आता मे १९५७.

मी नऊ वर्षांचा. नागपूरहून तार आली. आईची आई, माझी नागपूरची आजी, गंभीर. तेव्हा मद्रास-दिल्ली मार्गावरचं विमान हैदराबाद, नागपूर करत जाई. अण्णांनी धावपळ करून आईचं सबलो तिकीट काढलं. मला बरोबर न्यायचं नव्हतं, पण मी रडून बेगमपेटपर्यंत गेलो. आई बाकावर बसली होती. मांडीवर पिशवी, पिशवीत आजीला आवडणारी उस्मानिया बिस्किटं. अण्णा काउंटरच्या मागे ड्युटीवर. दोन जागा शिल्लक होत्या. आईचं नाव यादीत शेवटचं लिहिलेलंही मी पाहिलं.

विमान उतरलं, पेट्रोल भरलं, आणि त्याच सुमारास एक पांढऱ्या कपड्यांतले गृहस्थ मोटारीतून उतरले. हातात पूर्ण भाड्याचं तिकीट. त्यांच्यापाठोपाठ आणखी एक. उन्हामुळे वजनाचं गणित आधीच ओढाताणीचं झालेलं. अण्णांनी लोडशीट पुन्हा मांडली. पेन खाली ठेवलं. काउंटरबाहेर आले, आईसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "बाई, तुम्हाला आज जाता येणार नाही."

बाई म्हणाले. ड्युटीवर होते, चार लोक बघत होते. परक्या प्रवाशाशी जसं बोलतात तसे बोलले.

आई काही बोलली नाही. उठली. लोडर ट्रंक परत घेऊन आला, म्हणाला, "अम्मा, फिकर नक्को करो, कल की है ना." दुसऱ्या दिवसाची तिनं वाट पाहिली नाही. त्या रात्री सिकंदराबादहून काजीपेठ, तिथं गाडी बदलून बल्लारशाहमार्गे नागपूर. पास नाही, कारण सून पासात बसत नाही. रोख तिकीट. दुसऱ्या दिवशी दुपारी पोचली. आजीची वाचा त्याच दिवशी सकाळी गेली होती. चार दिवसांनी ती गेली. "डोळ्यांनी ओळखलं मला," आई सांगायची, "पण बोलली नाही."

यात चूक कुणाची नव्हती. पैसे भरणारा आधी, हा नियम जगातल्या सगळ्या विमान कंपन्यांचा आहे आणि तो रास्तही आहे. अण्णांनी त्या गृहस्थांना जागा नाही म्हणून सांगितलं असतं, तर ते खोटं झालं असतं, आणि नोकरीही गेली असती. आईलाही हे कळत होतं. तिनं अण्णांना कधी टोचून बोललेलं मी ऐकलं नाही. पण त्या वर्षापासून स्वयंपाकघरात पोह्यांच्या डब्याशेजारी एक छोटा डबा आला. त्यात दरमहा ती पाच रुपये टाके. त्याला हात लावायचा नाही. आम्ही त्याला 'नागपूरचा डबा' म्हणायचो. पासावर ती नंतर मद्रासला गेली, बंगळूरला गेली, एकदा काश्मीरला जाऊन आली, अगदी हौसेनं. परतीला जागा मिळाली नाही तर हसत दोन दिवस जास्त राहिली. पण लग्न, आजारपण, मौत यांना पासावर गेली नाही. तिथं डबा उघडायचा.

घरात कुणी एअरलाइनवाला नसेल तर बाकीचे नियमही सांगून ठेवतो, कारण बाहेरच्यांना वाटतं, "तुमचं काय बुवा, फुकट विमान!"

या धंद्यात कर्मचाऱ्यांच्या तिकिटाला आयडी म्हणतात, आणि पुढे आकडा. आयडी ९० म्हणजे मूळ भाड्याला नव्वद टक्के सूट, दहा टक्के भरायचे. आयडी ७५ म्हणजे चौथाई भरायचे. आयडी ५० ला अर्धं भरायचं, आणि तिथं बऱ्याचदा जागाही पक्की मिळायची. म्हणजे जितकं जास्त फुकट, तितका भरवसा कमी. कामासाठी जाणारा आधी, मौजेसाठी जाणारा नंतर. मौजेवाल्यांतही नोकरीची तारीख जुनी त्याचा नंबर वर. म्हणून एक कंपनी दुसरीत विलीन झाली की माणसं पगाराआधी विचारतात, "आमची जुनी वर्षं धरणार ना?" धरली तर तुम्ही रांगेत पुढे. नाही धरली तर वीस वर्षं नोकरी करून काल लागलेल्या पोराच्या मागे उभे.

कपडेही नीट हवेत. अण्णा आम्हाला पासावर नेताना बुटांना पॉलिश करायला लावत. जागा नाही म्हटल्यावर काउंटरवर हुज्जत घालायची नाही, तोंड वाकडं करायचं नाही, मुकाट बाजूला व्हायचं. माझी बहीण म्हणायची, "पासावर जाणं म्हणजे सासरी जाणं."

पुढचं पान माझ्या आत्तेभावाचं. जानेवारी १९८१ मध्ये वायुदूत निघाली, इंडियन एअरलाइन्स आणि एअर इंडिया या दोघींची मिळून. सुरुवात ईशान्य भारतासाठी झाली, मग देशभर लहान गावांत पसरली. आपल्याकडे हैदराबादहून विजयवाडा, राजमुंद्री अशा फेऱ्या होत्या. कानपूरला बनलेलं १९ आसनी डॉर्निअर. आत्तेभाऊ त्यात लागला आणि म्हणाला, "आता मी पण तुमच्यातला." तो म्हणायचा, आमचं विमान म्हणजे उडणारी सेव्हन-सीटर रिक्षा. १९ माणसांत जागा उरणार किती, आणि उरलीच तर वजन नाही. म्हणजे स्वतःच्या कंपनीचा फुकट पास हातात असून उपयोग बेताचा. खरी किंमत होती ती मोठ्या बहिणींच्या विमानांत मिळणाऱ्या सवलतीला. ती दुसऱ्याच्या मर्जीवर. आजोबांचं मनमाड पुन्हा आलं.

१९९३ मध्ये वायुदूत इंडियन एअरलाइन्समध्ये विलीन करायचं ठरलं. माणसं इकडे तिकडे सामावली गेली. आत्तेभाऊ ज्या दिवशी मोठ्या कंपनीच्या यादीत आला, त्या दिवशी त्यानं पेढे वाटले. पगार वाढला म्हणून नाही. म्हणाला, "आजपासून दुसऱ्याच्या अंगणातून पाणी भरायला नको."

धाकट्या भावाची गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण ती आठवून अजून राग येतो. १९९० नंतर खासगी विमानांना वाट मिळाली आणि १९९४ मध्ये जुना एअर कॉर्पोरेशन्स कायदाच गेला. नव्या कंपन्या भराभर निघाल्या, आणि त्यातल्या बऱ्याच दशक संपायच्या आत मिटल्या. भाऊ पक्की नोकरी सोडून अशाच एका कंपनीत गेला. नाव घेत नाही. तिथंही पास होता, वरून सवलत मिळवण्यासाठी अनामत म्हणून पगारातून कापलेली रक्कम होती. एकदा बायकोपोरांना घेऊन पासावर गेला, आणि तो तिकडे असतानाच कंपनीची विमानं जमिनीवर आली. परतीचं तिकीट म्हणजे कागद. दुसरी कुठली कंपनी ते ओळखेना, कारण त्यांच्यात करारच नव्हता. रेल्वेच्या साध्या डब्यात उभ्यानं परत आले. अनामत बुडाली ती बुडालीच. आईनं तेव्हा डब्यातून काढून त्याला पैसे पाठवले होते. डबा तोवर बँकेतल्या खात्यात गेला होता, पण नाव नागपूरचा डबाच.

आता नातीच्या फॉर्मकडे येतो.

नव्वदच्या दशकात विमान कंपन्यांनी आपसात झेड नावाची पद्धत आणली. टक्केवारीची भानगड कमी केली. अंतराचे टप्पे पाडले, टप्प्यागणिक ठरावीक दर. पण त्याचं मूळ तेच, दोन कंपन्यांनी एकमेकींशी करार करायचा. करार असेल त्यांच्याच विमानात सवलत. मोठ्या कंपनीकडे शे-शंभर करार असू शकतात. छोटीला प्रत्येक करारासाठी कुणाच्या तरी दारात उभं राहावं लागतं, आणि बदल्यात द्यायला तिच्याकडे काय असतं? सत्तर जागांचं विमान आणि पाच-दहा गावं. अमेरिकेत तर प्रादेशिक कंपन्यांची विमानं मोठ्या कंपनीच्याच रंगात, तिच्याच तिकिटावर उडतात. तिथली नोकर माणसं एका शहरात राहतात, ड्युटीला दुसऱ्या शहरात असेच उरलेल्या जागेवर बसून जातात. म्हणजे पास ही त्यांची मौज नाही, त्यांची लोकल आहे. तिथं फी वाढली की पगारच कापल्यासारखा होतो.

आपल्याकडेही नाती तुटतात. अलायन्स एअर १९९६ पासून इंडियन एअरलाइन्सच्या घरातली धाकटी. एअर इंडिया २७ जानेवारी २०२२ ला टाटांकडे गेली, अलायन्स सरकारकडेच राहिली. एका घरातल्या दोघी, एका दिवसात दोन घरच्या झाल्या. अशा वाटणीत विमानं, कर्ज, इमारती यांच्या बातम्या येतात. कालपर्यंत कुणाच्या रिकाम्या खुर्चीवर कुणी बसायचं, याची बातमी येत नाही. ज्यांच्या घरात विषय असतो त्यांनाच तो कळतो.

आता फीचं बघू. तिकिटात दोन भाग असतात. एक भाडं, ते कंपनीचं. ते कंपनी माफ करू शकते. दुसरा भाग कर आणि विमानतळाची शुल्कं. ते पैसे कंपनीचे नाहीत, मग ती माफ कुठून करणार? २००८ च्या मार्चमध्ये बेगमपेट बंद होऊन शमशाबाद सुरू झालं, तेव्हापासून वापरशुल्क हा शब्द आपल्या घरात आला. त्यातून त्या विमानावर ड्युटीला असलेल्या क्रूला सूट आहे. रजेवर फिरायला निघालेल्या कर्मचाऱ्याला नाही. समजा मूळ भाडं ४,००० रुपये. नव्वद टक्के सूट धरली तर ४०० भरायचे. पण कर, शुल्क, सर्व्हिस चार्ज मिळून त्याहून जास्त होऊ शकतात. म्हणजे सूट नव्वद टक्के, पण खिशाला लागणारी सूट तितकी नाही. वर वर्षाची फी.

शिवाय पूर्ण भाडंही आता तितकं उंच राहिलेलं नाही. एप्रिल २०१७ मध्ये उडान योजनेतली पहिली विमानं उडाली, त्यात नांदेड-हैदराबाद होतं. आपल्यापैकी निम्म्यांचं माहेर नाहीतर सासर नांदेड, त्यामुळे सगळ्यांना आठवत असेल. त्या योजनेत साधारण तासाभराच्या प्रवासाला निम्म्या जागांचं भाडं २,५०० रुपयांवर जाऊ द्यायचं नाही असं ठरलं होतं. पक्की जागा जर एवढ्यात मिळत असेल, तर हजारभर रुपये वाचवायला काउंटरपाशी तीन तास उभं राहायचं का, हा हिशेब ज्याचा त्यानं करावा.

एक गोष्ट मात्र सरकारनं मान्य केलीय. प्राप्तिकराच्या नियमांत नोकरदाराला मालकाकडून मिळणारा फुकट प्रवास उत्पन्नात धरतात. पण रेल्वे आणि विमान कंपन्यांच्या नोकरांना त्यातून वगळलंय. आजोबांचा पास आणि अण्णांचं सबलो निदान त्या एका ओळीत शेजारी बसलेत. आजोबांना हे कळलं असतं तर म्हणाले असते, "मी सांगत होतो, धाकटी बहीणच आहे."

आठव्या दिवशी नातीला बोलावलं. कागदावर तिच्याकडून हिशेब करून घेतला. वर्षातून किती वेळा जाशील, कुठं जाशील, ज्या कंपन्यांशी करार आहे त्या तिथं जातात का. तीनदा तरी मौजेला जाणार असशील तर फी वसूल होते, एकदाच जाणार असशील तर नाही. दुसरं, फॉर्ममध्ये नीट वाच, आईबाप धरलेत का, आणि नोकरी सुटली, कंपनी बंद पडली तर भरलेली फी परत मिळते का. तिनं वाचलं. आईबाप होते. फी परत मिळत नव्हती.

"तरी भर," मी म्हटलं. "तरुण आहेस, जग बघ. काउंटरवर नाही म्हणाले तर हसून बाजूला हो. तो नाही म्हणणारा माणूसही कुणाचा तरी अण्णा असतो. पण एक लक्षात ठेव. जिथं पोचायलाच पाहिजे, तिथं पासावर जायचं नाही. तिथं तिकीट काढून जायचं. त्याचे पैसे आजपासून वेगळे ठेव."

तिला डब्याची गोष्ट माहीत नव्हती. मग ती सांगितली. बेगमपेट, आई, बिस्किटांची पिशवी, आणि अण्णांचं ते 'बाई' म्हणणं. ऐकून पोरगी गप्प बसली. मग विचारलं, "पणजोबांनी घरी आल्यावर काय सांगितलं पणजीला?"

मला खरंच माहीत नाही. आई नागपूरहून तेरावं करून परतली तेव्हा अण्णा रजा टाकून तिला आणायला काजीपेठपर्यंत गेले होते, एवढं आठवतं. तिकीट काढून गेले होते.

फॉर्म भरून दिलाय. आणि बँकेत दरमहा पाचशेचं आवर्ती खातंही उघडलंय.

मंडळी, आता तुमची पाळी. बडोद्याच्या घरांत गायकवाडी रेल्वेचे पासवाले असतील. ग्वाल्हेरला छोट्या लाइनचे असतील. गोव्याच्या मंडळींकडे १९५५ ते १९६१ या काळात दाबोळीहून उडणाऱ्या पोर्तुगीज टीएआयपीच्या कुणा कर्मचाऱ्याची आठवण असेल. सांबऱ्याला काम केलेले बेळगावकर असतील. तुमच्या घरी पासात कोण बसायचं, कोण बसायचं नाही, आणि पासावर निघून कोण अर्ध्या वाटेत राहिलं, ते लिहा. जुना पास, तिकीट जपून ठेवलं असेल तर फोटो टाका. आमच्याकडे अण्णांचं एकही उरलं नाही. पोह्यांच्या शेजारचा डबा मात्र आहे, त्याचा फोटो खाली टाकतोय.